तांब्या, घड आणि गवसणी: स्थिरचित्रातली प्रतीके आणि मांडणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा झाली आहे, पाव इंपीरियल (सुमारे ३८ बाय २८ सेंटिमीटर) कागदावर जलरंगात स्थिरचित्रे जमतात. आता सांगलीतल्या घरात सापडतात त्याच वस्तूंतून काही सांगणारे चित्र करायचे आहे. त्यासाठी चौरंगावर कलश, समई, हळदी-कुंकवाचा करंडा, फुटलेली बांगडी, पोथी, आजोबांचा चष्मा आणि द्राक्षांचा घड असे सगळे मांडले. चित्र भांड्यांच्या दुकानासारखे दिसते, पाहणाऱ्याला अर्थ लागत नाही, आणि रंगवून होईपर्यंत फुले-फळे माना टाकतात.

पहिल्या दोन तक्रारींचे मूळ एकच आहे. तुमच्या सातही वस्तू आपापले म्हणणे पूर्ण सांगून मोकळ्या झालेल्या आहेत. कलश म्हणजे मंगलकार्य, फुटलेली बांगडी म्हणजे वैधव्य, चष्मा म्हणजे गेलेला माणूस, घड म्हणजे सुगी. पाहणारा एकेक ओळखतो आणि पुढे जातो. त्यांचा एकमेकींशी काही व्यवहारच होत नाही. स्थिरचित्रात वस्तूचा अर्थ तीन गोष्टींवरून ठरतो: ती कोणत्या अवस्थेत आहे, तिच्या शेजारी काय आहे आणि कागदावर तिला कोणती जागा दिली आहे. नुसती वस्तू आणून ठेवली म्हणून अर्थ येत नाही. त्यामुळे आधी प्रतीके गोळा करायची आणि मग त्यांची सुंदर मांडणी करायची, ही दोन कामे वेगळी समजू नका. घड चार बोटे डावीकडे सरकवला की अर्थही सरकतो.

सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांकडे याच नजरेने पाहा. लायडन आणि हार्लेम या शहरांत १६२० नंतर 'व्हॅनिटास' नावाचा स्थिरचित्रांचा प्रकार जोरात होता. सगळे नश्वर आहे, हा त्याचा विषय. पीटर क्लास आणि हार्मेन स्टेनवाइक ही त्यातली मोठी नावे. त्यांच्या चित्रांत कवटी असते हे सगळ्यांना माहीत असते, पण बाकीच्या वस्तूंची अवस्था बघा: पेला आडवा पडलेला, वात नुकतीच विझलेली, घड्याळ उघडे, पुस्तकाची पाने वर आलेली. प्रत्येक वस्तूला काहीतरी होऊन गेलेले आहे. त्याआधी, १५९९ च्या सुमारास, इटालियन चित्रकार काराव्हाज्जोने फळांची परडी रंगवली. त्यात कवटी नाही, मेणबत्ती नाही. सफरचंदाला किडीचे भोक आहे, पाने करपून वळली आहेत आणि परडीचा बूड कट्ट्याच्या कडेबाहेर आलेला आहे. ताजेपणा, कीड आणि पडण्याची शक्यता या तिन्हींतून तोच विषय त्याने सांगितला. हे चित्र मिलानच्या अँब्रोसियाना संग्रहात आहे. चांगली छापील प्रत किंवा मोठ्या आकाराचे छायाचित्र घेऊन पानांच्या कडा नीट पाहा.

कवटी मात्र उचलून आणू नका. आपल्याकडे घरात ती कधी नसते, त्यामुळे पाहणाऱ्याला एक तर अघोरी विद्या आठवते, नाही तर मेडिकल कॉलेज. लिंबाचेही तसेच. डच चित्रांत साल अर्धी सोललेले लिंबू फार दिसते. ते महागडे फळ होते, वरून देखणे आणि आतून आंबट असा त्याचा अर्थ लावतात, शिवाय ओला गर रंगवून हातोटी दाखवता येते. सांगलीतल्या प्रेक्षकासमोर कापलेले लिंबू ठेवले आणि जवळ कुंकू असले, की तो उतारा होतो. मिरची असली तर दृष्ट. तुमच्या मनात नसलेला अर्थ चित्राच्या मध्यभागी येऊन बसतो आणि मग काही केल्या उठत नाही. लिंबू हवेच असेल तर पाण्याच्या पेल्याशेजारी किंवा लोणच्याच्या बरणीजवळ ठेवा. शेजार बदलला की ते स्वयंपाकघरात परत येते.

पूजेच्या वस्तू वापरताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. कलशावर आंब्याची किंवा विड्याची पाने, त्यावर नारळ शेंडी वर करून. सहसा विड्याच्या पानांचे देठ आणि आडव्या नारळाची शेंडी देवाकडे. हे घरोघरच्या लोकांच्या डोळ्यांत इतके मुरलेले असते, की उलटे दिसले तर ते आधी चूक पकडतात. तुम्ही मुद्दाम उलटे ठेवले असेल तर ते मुद्दाम आहे हे चित्रात कळले पाहिजे, म्हणजे बाकी सगळे नेमके हवे. सुपारीचे उलट आहे. तांदळाच्या छोट्या राशीवर ठेवली की ती गणपती, अडकित्त्याशेजारी ठेवली की जेवणानंतरचा विडा. अशी वस्तू चित्रकाराला सोन्यासारखी, कारण एकाच सुपारीने तुम्ही देवघरात किंवा ओसरीवर जाऊ शकता.

फुटलेली बांगडी तुमच्या चित्रातून काढाच, असे मी आग्रहाने सांगेन. तिचा अर्थ इतका ठाम आहे की शेजारची एकही वस्तू तिच्यापुढे टिकत नाही, आणि पाहणाऱ्यासाठी काही उरतही नाही. तीच गोष्ट अवस्थेतून दाखवून पाहा: कुंकवाचा करंडा, झाकण उघडून बाजूला ठेवलेले, आतले कुंकू संपलेले आणि फक्त कडेच्या सांध्यात वाळून काळपट लाल झालेले. हिरव्या बांगड्या हव्या असतील तर अख्ख्या, पण दोऱ्यात ओवून गाठ मारलेल्या. हे लगेच कळत नाही, आणि कळले की चित्रातून नजर निघत नाही. चष्मा-पुस्तक-मेणबत्ती ही तिकडीही बाजूला ठेवा, ती आता झिजली आहे. पोथी ठेवायची तर बासनात बांधलेली ठेवा. बासनाची गाठ किती जुनी आहे, कापड घडीवर कुठे विरले आहे, यावरून ती रोज वाचली जाते की वर्षानुवर्षे सोडलेली नाही हे दाखवता येते.

आता तुमच्याच सामानातून एक मांडणी सविस्तर घेऊ. सात वस्तूंपैकी फक्त घड ठेवा. तासगाव भागात राहणाऱ्याला द्राक्षाच्या पुढची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही: घड, मग बेदाणा. काळाचा विषय इथे कवटीशिवाय आपोआप तयार आहे, आणि तो डच विषयापेक्षा निराळाही आहे. त्यांचे फळ पिकते आणि सडते. बेदाण्यात पाणी जाते आणि गोडी राहते. तुम्हाला यातली कोणती बाजू सांगायची आहे ते आधी ठरवा, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर आहे. दुसरी बाजू धरू.

खाली काळी घोंगडी घ्या. लोकर प्रकाश गिळते, चमकत नाही, आणि द्राक्षासारख्या आरपार दिसणाऱ्या वस्तूला मागे-खाली अंधारच लागतो. पांढऱ्या कापडावर घड फिका पडतो. घडाखाली, घोंगडीच्या आत, एक वाटी पालथी घाला म्हणजे त्याचा वरचा भाग सात-आठ सेंटिमीटर उचलला जाईल; सपाट पडलेला घड कितीही चांगला रंगवला तरी पसरट दिसतो. घड डावीकडे. त्याला अर्धवट झाकलेला एक रिकामा देठ, मणी तोडून घेतलेला, फांद्यांसकट. उजवीकडे, पुढे आणि खाली, मूठभर बेदाणे. तिघांनी व्यापलेली जागा साधारण पाच, दोन आणि एक या प्रमाणात ठेवा. समान ठेवलीत तर शाळेतला तक्ता होतो. घड आणि देठ एकमेकांवर आलेले हवेत, पण देठ आणि बेदाणे यांच्यामध्ये बेदाण्यांच्या राशीच्या दीडपट मोकळी घोंगडी सोडा. या मोकळ्या जागेत एकच मणी ठेवा, अर्धा सुकलेला, एका बाजूने फुगीर आणि दुसऱ्या बाजूने सुरकुतलेला. चित्राचा सांधा तोच. मराठी वाचणारा डोळा डावीकडून उजवीकडे जातो, म्हणून घड डावीकडे ठेवला की काळ पुढे जातो. बाजू बदललीत तर तेच चित्र आठवणीसारखे वाचले जाईल. तेही चालेल, पण ठरवून.

अर्धा सुकलेला मणी सहज मिळत नाही. अख्ख्या सालीचा मणी घरात चार दिवस ठेवला तरी फारसा आकसत नाही, कारण सालीवरचा मेणाचा थर पाणी धरून ठेवतो. बेदाण्यासाठी घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात ते हा थर मोडण्यासाठीच. तुम्ही टाचणीने एका बाजूला दोन-तीन बारीक भोके पाडा आणि ती बाजू उन्हाकडे करून ठेवा. चार-पाच मणी तयार ठेवा, त्यातला एक चांगला निघतो.

याच मेणामुळे ताज्या घडावर निळसर पांढरी पूड दिसते. बोट लागले की ती पुसली जाते आणि तिथे मणी काळपट, चकचकीत होतो. घड नेहमी देठाला धरून उचलायचा. पूड राहिलेले मणी झाडावरून आत्ताच उतरल्यासारखे दिसतात, पुसलेले मणी हाताळलेले. मध्येच दोन-तीन मणी मुद्दाम पुसलेत तर तिथे कुणाचा तरी हात लागून गेल्याचे कळते. माणूस न दाखवता माणूस दाखवण्याचे इतके सोपे साधन दुसरे नाही.

रंगवताना घडाचे सगळे मणी सारखे रंगवू नका. पाच-सहा पूर्ण, उजेडाच्या बाजूचे. बाकीचे एकत्र छटा म्हणून. मणी पेरूसारखा रंगवला तर प्लॅस्टिकचा दिसतो, कारण पेरू उजेडाच्या बाजूला उजळ आणि पलीकडे गडद असतो, तर द्राक्षात उजेड आत शिरतो आणि पलीकडच्या बाजूने निघतो. उजेड डावीकडून वरून असेल तर चमकेचा ठिपका डावीकडे वर, त्याच्याभोवती मणी गडद, आणि उजवीकडे खाली उबदार पिवळट झळाळी. मण्याच्या सावलीतही मध्ये उजळ डाग पडतो. जलरंगात लेमन यलोमध्ये किंचित सॅप ग्रीन घालून पहिला पातळ हात द्या, चमकेचा ठिपका कोरडा सोडा, पहिला हात वाळल्यावर फक्त डाव्या-वरच्या भागात दुसरा गडद हात. झळाळीला पुन्हा हात लावायचा नाही. पूड दाखवायला शेवटी अल्ट्रामरीनचा अगदी पातळ, राखाडी केलेला हात जवळजवळ कोरड्या ब्रशने. बेदाण्यांच्या सुरकुत्या एकेक काढत बसू नका. राशीची बाहेरची कड नीट काढा, आत चार-पाच ठिकाणी गडद फटी द्या, पुरे.

मांडणीचे यंत्र कसे चालते ते आता. पहिला निर्णय डोळ्याच्या उंचीचा, आणि विद्यार्थी तो घेतच नाहीत. खुर्ची जिथे असेल तिथे बसतात. आपल्या घरातल्या बऱ्याच वस्तू जमिनीवर, पाटावर, चौरंगावर असतात आणि आपण त्या वरून पाहतो. वरून पाहिले की ताटातले कुंकू, तांदूळ, वाटीतले पाणी दिसते; वस्तू वापरातल्या वाटतात. जमिनीवर बसून समोरून पाहिले की ताट एक रेघ होते, समई आणि कलश उंच होतात, सगळे देव्हाऱ्यासारखे दिसते. तुमचा विषय रोजच्या घराचा असेल आणि डोळा खाली असेल, तर चित्र स्वतःशीच भांडते.

उंची ठरली की लंबवर्तुळे आपोआप ठरतात. समजा टेबल ७५ सेंटिमीटर, तांब्या १८ सेंटिमीटर, डोळा जमिनीपासून १२० सेंटिमीटर आणि तुम्ही दीड मीटरवर. तोंडाचे लंबवर्तुळ आपल्या रुंदीच्या सुमारे सहाव्या हिश्श्याइतके उंच दिसेल. बुडाचे मात्र पाव आणि तिसऱ्या हिश्श्याच्या दरम्यान. खालचे नेहमी जास्त उघडे. तांब्या टेबलावर बसत नाही, घसरतो, असे वाटले तर दहापैकी नऊ वेळा बुडाची रेघ सरळ काढलेली असते. दुसरी चूक म्हणजे लंबवर्तुळाच्या दोन्ही टोकांना कोपरे. तिथेही वळणच असते, फक्त आवळ.

अंतर मांडणीच्या सर्वांत मोठ्या मापाच्या अडीच ते तीन पट ठेवा. मांडणी ६० सेंटिमीटर रुंद असेल तर दीड ते १.८ मीटर. जवळ बसलात तर मान हलवल्याशिवाय सगळे दिसत नाही आणि प्रत्येक भांडे वेगळ्या कोनातून काढले जाते. मग ते एका टेबलावरचे वाटत नाही. फ्रेंच चित्रकार सेझानने टेबलाची कड दोन बाजूंना वेगवेगळ्या उंचीवर ठेवली हे खरे, १८९३ च्या सुमाराच्या त्याच्या सफरचंदांच्या टोपलीत ते स्पष्ट दिसते. पण तिथे बाटलीपासून कापडापर्यंत सगळेच त्या हिशोबाने झुकलेले आहे. एकच भांडे वाकडे असेल तर ती नुसती चूक असते.

उजेड एकच ठेवा. खोलीतली ट्यूब बंद करा, ती प्रत्येक वस्तूला दुसरी सावली लावते. पुस्तकांत लिहिलेले असते की उत्तरेची खिडकी घ्या, तिथे ऊन येत नाही. ही पुस्तके युरोपातली. सांगली जवळपास १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्यही आपल्या डोक्याच्या थोडा उत्तरेला असतो, आणि मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत सकाळ-संध्याकाळी तिरपे ऊन उत्तरेच्या खिडकीतून आत येते. द्राक्षाच्या हंगामात आणि उन्हाळ्यात काचेला ट्रेसिंग पेपर किंवा पांढरे सुती कापड लावा. ते जमत नसेल तर पांढऱ्या उजेडाचा ९ ते १२ वॉटचा एक एलईडी दिवा डावीकडे, वस्तूंच्या वर ४५ अंशांत, सव्वा मीटरवर. मागून आणि उजवीकडून येणारा उजेड अडवायला एक मोठे पुठ्ठ्याचे खोके दोन बाजूंनी कापून आतून काळे करा आणि मांडणी त्यात ठेवा.

पेटती समई ठेवणार असाल तर खिडकी आणि ज्योत यांतला एक उजेड निवडावाच लागतो. दिवसा उजेडात ज्योत फिकट पिवळा ठिपका दिसते आणि तिच्या उजेडाने वस्तूंच्या सावल्या पडत नाहीत. विद्यार्थी ती भगवी, तेजस्वी रंगवतात आणि भांड्यांच्या सावल्या मात्र खिडकीच्याच ठेवतात. पाहणाऱ्याला नेमके काय चुकले ते सांगता येत नाही, पण ज्योत चिकटवलेली वाटते. विझलेली वात आणि धुराची रेघ ही डच पद्धत इथेही चालते, फक्त लक्षात ठेवा की आपल्याकडे विझलेली समई मनाला लागते. ती चित्रात असेल तर तोच विषय होतो, सजावट म्हणून ती ठेवता येत नाही.

आता कागद. पुठ्ठ्याला साडेसात बाय साडेपाच सेंटिमीटरची खिडकी कापा, पाव इंपीरियलच्याच प्रमाणात. तीतून पाहत आठ छोटी रेखाटने करा, प्रत्येक सहा बाय साडेचार, फक्त तीन छटांत: कागदाचा पांढरा, एक करडा, एक काळा. वस्तूंची नावे विसरून फक्त डाग मांडा. टेबलाची मागची कड कागदाच्या मधोमध येऊ देऊ नका, वरच्या तिसऱ्या हिश्श्यात न्या, आणि कोणत्याही भांड्याच्या तोंडाच्या किंवा खांद्याच्या रेघेला ती मिळता कामा नये. दोन वस्तूंच्या कडा नुसत्या टेकलेल्या असतील तर दोन्ही सपाट होतात. एक तर चांगली चौथाई झाका, नाही तर स्पष्ट फट सोडा. शेवटी डोळे बारीक करून पाहा: सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद छटा जिथे एकमेकींना भेटतात तिथे नजर पहिली जाते. त्या जागी तुमची महत्त्वाची वस्तू आहे का? नसेल तर वस्तू हलवा, रंगाने सावरायला जाऊ नका. द्राक्षाच्या मांडणीत बहुतेक वेळा घडाची चमक हा मान पळवते. तेव्हा घडावर थोडी सावली पाडा आणि त्या एकट्या मण्यावर उजेड येऊ द्या.

मोकळ्या जागेला घाबरणारे चित्र भरत जाते. स्पेनच्या सांचेझ कोतान या चित्रकाराने १६०२ च्या सुमारास एक बिही (क्विन्स हे फळ) आणि कोबी दोऱ्यांनी टांगली, खाली कट्ट्यावर कापलेले खरबूज आणि काकडी ठेवली, आणि मागे निव्वळ काळोख सोडला. चौघे मिळून वरून खाली उतरणारी एक कमान होते. उजवीकडचा वरचा सबंध भाग रिकामा आहे. फळे टांगून ठेवण्याची सोय आपल्याकडेही होती. जुन्या घरात शिंके असेल तर ते तुळईवरून उतरवून पाहा. टांगलेली वस्तू ताणलेली असते, तिची सावली तिच्यापासून सुटी पडते, आणि टेबलावर न मिळणारी उभी रेघ आपोआप मिळते.

तंबोरे बनवणाऱ्या मिरजेच्या जवळ राहता, म्हणून तंबोऱ्याबद्दलही लिहितो. असा विषय इतरांच्या हाताशी नसतो. जर्मन चित्रकार हॉल्बाइनच्या १५३३ च्या 'द अँबॅसेडर्स' या चित्रात, जे लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, एका ल्यूटची (युरोपातले जुने तंतुवाद्य) तार तुटलेली आहे आणि ती बेसूर झालेल्या संबंधांची खूण मानतात. तंबोऱ्यात सहसा चार तारा. एक तुटून घोडीजवळ (तारा टेकतात त्या पट्टीजवळ) वळलेली दाखवली तर गाणाऱ्याला ती पहिल्या नजरेत दिसेल, इतरांना नाही. म्हणून उजेड तिथेच आणा. त्याहूनही मला गवसणी, म्हणजे तंबोऱ्याची कापडी खोळ, आवडते. भोपळ्यावरून अर्धी उतरलेली गवसणी पाहून रियाज सुरू होणार आहे की संपला आहे हे कळत नाही, आणि ते न कळणेच चित्राला धरून ठेवते. उत्तर द्यायचे असेल तर तबलीवर (भोपळ्यावरच्या लाकडी पाटीवर) धूळ दाखवा, किंवा घोडीवर तारांखाली जवारीचे (सूर झणकारावा म्हणून घातलेले) दोरे ताजे पांढरे.

अख्खा तंबोरा कागदावर घ्यायला जाऊ नका. तो चार-पाच फूट लांब. तीनपट अंतर धरले तर खोली पुरत नाही. भोपळा खाली डावीकडे आणि अर्धी दांडी एवढेच घ्या. दांडी कागदाच्या नेमक्या कोपऱ्यातून बाहेर गेली तर नजरही तिच्यामागून निघून जाते. कोपऱ्यापासून बाजूच्या पाचव्या हिश्श्याइतकी खाली बाहेर काढा. तार पांढऱ्या अखंड रेघेने ओढली की सुतळी दिसते. तारेवर उजेड तुकड्यातुकड्यांनीच पडतो, मध्ये ती मागच्या लाकडात विरून जाते.

धातू आणि हळद थोडक्यात. पितळ पिवळे नसते, त्याच्या आजूबाजूचे असते. उजळ भागात लेमन यलो, मध्यम भागात यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना, आणि अगदी त्याला चिकटून बर्न्ट अंबर-अल्ट्रामरीनचा जवळजवळ काळा पट्टा. मध्ये हळुवार छटा घातली की ते मातीचे होते. तुमच्या तांब्यात खिडकी आणि तुम्ही स्वतः दिसता. क्लारा पीटर्स या फ्लेमिश चित्रकर्तीने सतराव्या शतकात पेल्यांच्या फुगवट्यांवर स्वतःचे बारीक चेहरे रंगवून ठेवले होते. हळकुंड बाहेरून मळकट असते, मोडले की आत केशरी, दळले की प्रखर पिवळे. एकाच पदार्थाच्या तीन अवस्था, द्राक्षाइतकाच चांगला विषय. हळदीच्या राशीची सावली काळ्याने गडद केलीत तर हिरवी होईल. ऑकर आणि बर्न्ट सिएनाने उतरवा.

कापड आणि धातू प्रत्यक्ष रंगात पाहायचे असतील तर औंधला जा. सातारा जिल्ह्यातल्या श्रीभवानी संग्रहालयात, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या, राजा रविवर्मा आणि धुरंधर या चित्रकारांची मूळ चित्रे आहेत. ती माणसांची चित्रे आहेत, पण तुम्ही चेहरे सोडून पदराच्या घड्या आणि दागिन्यांच्या कडा पाहा: किती थोड्या ठिकाणी चमक दिली आहे ते मोजा.

राहिला सुकण्याचा प्रश्न. वस्तू ज्या क्रमाने खराब होतात त्याच क्रमाने रंगवा. मोगरा काही तासांत तपकिरी होतो, म्हणून तो पहिल्याच बैठकीत. कापलेले फळ त्याच दिवशी. विड्याची पाने ओल्या फडक्यात ठेवली तर दोन-तीन दिवस टिकतात. झेंडू पाण्यात देठ बुडवून तितकाच. घड रात्री काढून फ्रीजमध्ये, आणि बाहेर काढल्यावर त्यावर दव येते ते पुसायचे नाही, आपोआप वाळू द्यायचे. पुसले की मेणाची पूड गेली. भांडी, घोंगडी आणि देठ शेवटी. प्रत्येक वस्तूच्या बुडाभोवती घोंगडीवर खडूने बारीक खुणा करा, खुर्चीच्या चारही पायांखाली चिकटपट्टी लावा, आणि खिडकीचा उजेड असेल तर रोज त्याच दोन तासांत बसा. घोंगडीची घडी एकदा मोडली की पुन्हा तशी पडत नाही, म्हणून रेखाटन झाल्यावर पहिल्या दिवशीच तिच्या मोठ्या सावल्या एका हाताने टाकून ठेवा. घडातला एखादा मणी मध्येच गळून पडला तर लगेच जागेवर ठेवू नका. तो जिथे पडला ती जागा पुठ्ठ्याच्या खिडकीतून एकदा पाहून घ्या.